क्लिपवाला पंखा

वासेकर सिस्टरांनी टाकीतून थर्मामीटर बाहेर काढला, सवयीने एकदा झटकला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "ताप आहे."

"किती?" मी विचारलं.

"एकतीस. काल सव्वीस होता."

टाकीतले दोन्ही मासे वर येऊन भराभर श्वास घेत होते. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, एरवी दिवसभर एकमेकांच्या मागे हुंदडायचे. आज त्यांची हुंदडायची इच्छा दिसत नव्हती. टाकीखालच्या कपाटात पाणी थंड ठेवणारा चिलर होता, तो सकाळी खोकल्यासारखं काहीतरी करून बंद पडला होता. दुरुस्त करणारा माणूस नागपूरला राहत होता आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणत होता. बाहेर मे महिना होता आणि गाव चंद्रपूर होतं.

वासेकर सिस्टर म्हणजे माझ्या सासूबाई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीतली माणसं त्यांना सिस्टरच म्हणत. कुणाला भोवळ आली की आधी त्यांना बोलावत, मग रिक्षाला. मी त्यांना आई म्हणायचे.

माझा नवरा निरंजन मालवाहू बोटीवर इंजिनियर होता. चंद्रपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्याने हॉलमध्ये दोन फुटांचा समुद्र करून ठेवला. काचेची टाकी, गोण्यांतून आणलेलं खास मीठ, दोन मासे आणि एक दगड. पाणी कसं बदलायचं, मीठ किती घालायचं, हे सगळं त्याने मला शिकवलं आणि बोटीवर निघून गेला. लग्नाच्या पहिल्या वर्षात त्याने मला शिकवलेलं तेवढंच आठवतं.

मी हर्णैची. बंदरावर माझ्या वडिलांचा बर्फाचा कारखाना आहे. मासे थंड ठेवणं हा आमचा घरचाच धंदा, फक्त आमच्याकडे ते मेलेले असतात. आईंना टाकी मुळीच आवडत नव्हती. "खायचे नाहीत, पुजायचे नाहीत, मग ठेवायचे काहून?" असं त्या निरंजनच्या पाठीमागे म्हणायच्या. पण लेकाने ठेवलेली वस्तू होती, त्यामुळे रोज टाकीची काच पुसायच्याही त्याच.

आमचं दोघींचं भांडण कधी झालं नाही. भांडायला विषय लागतो, आणि त्या घरातले सगळे विषय निरंजन येईपर्यंत बाजूला ठेवलेले होते. फ्रिजचं दार सुतळीने बांधलेलं होतं. नवा फ्रिज कोणता घ्यायचा ते तो आल्यावर बघायचं होतं. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले होते आणि नागपूरच्या एका औषध कंपनीत मला नोकरी मिळत होती. "तो आल्यावर ठरवू," असं आई म्हणाल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते, पण त्या फक्त तेवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. निरंजन दिवाळीला येणार होता. मग बोटीच्या कंपनीने मुदत वाढवली म्हणून होळीला येणार होता. मग परत मुदत वाढली. पैसे वेळेवर येत. फोन इंटरनेटवरून येत, नंबर दिसत नसे, आणि तो पाच मिनिटं बोलला तर त्यातली तीन मिनिटं माशांची असत.

म्हणून एकतीस हा आकडा ऐकल्यावर आम्हा दोघींना एकदमच एक प्रश्न पडला. मासे मेले तर त्याला सांगायचं कोणी?

मी हर्णैला फोन लावला.

"बाबा, मासे थंड ठेवायचेत. बर्फ किती लागेल?"

"किती मासे?"

"दोन."

"दोन टन?"

"दोन मासे."

मागे कारखान्यात लादी फोडल्याचा आवाज येत होता.

"केतू, तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. ते जिवंत आहेत, बाबा. टाकीतले."

"मग बर्फ कशाला? जिवंत माशाला एकदम गार केलास तर जागेवर मरेल तो. वारा लाव. पाण्यावरून वारा गेला की पाणी निवतं. माठ कसा निवतो? तसंच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू कधी येतायत?"

"मुदत वाढली आहे."

"परत?"

"बाबा, मासे वर आलेत. ठेवते."

आईंनी तोवर त्यांच्या उशाजवळचा टेबलफॅन उचलून आणला होता. तो स्टुलावर ठेवला, टाकीचं झाकण काढलं आणि बटण दाबलं. सगळ्यात हळू लावला तरी टाकीत लाटा उठल्या. खारं पाणी भिंतीवर उडालं, टीव्हीवर उडालं, आईंच्या चष्म्यावरही उडालं. दोन्ही मासे तळाशी जाऊन दगडाच्या मागे लपले.

आईंनी पंखा बंद केला आणि पदराने चष्मा पुसला. "हे तर वादळ झालं," त्या म्हणाल्या. "लहान लागेल."

"कुठे मिळेल?"

"चल, बघून येऊ."

त्या घरात 'चल' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. पाण्याची एक गोठवलेली बाटली टाकीत तरंगत ठेवली, ऊन थोडं कलल्यावर तोंडाला दुपट्टे बांधले आणि आम्ही रिक्षाने गोल बाजारात गेलो.

कोतपल्लीवारांच्या दुकानात पुढे सगळे कूलर मांडलेले होते. दुकानदार आईंना बघून खुर्चीतून उठला. त्याच्या दोन्ही मुली आईंच्या वॉर्डात जन्मल्या होत्या, हे त्याने मला आल्या आल्या सांगितलं.

"लहान पंखा दाखव," आई म्हणाल्या. "एकदम लहान."

"टेबलवर ठेवायला?"

"नाही. कडेला अडकवायचा. आवाज नको. आणि लाइट गेली तर बॅटरीवर चालला पाहिजे."

दुकानदाराने आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग त्याचा चेहरा खुलला. "बाळासाठी का?"

मी तोंड उघडलं, पण आई माझ्या आधी बोलल्या. चंद्रपुरात माणसं उन्हाने पटापट पडत होती, आणि माशांना गरम होतं म्हणून सिस्टर पंखा घेऊन गेल्या, हे त्यांना गावभर व्हायला नको होतं.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या.

"जुळी? अरे वा! सिस्टर, पेढे नाही दिले?"

"देऊ ना."

दुकानदाराने खालच्या फळीवरून चार-पाच खोकी काढली. आईंनी एकेक पंखा सुरू करायला लावला आणि त्याच्यासमोर तळहात धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. नाडी बघताना त्या अशाच उभ्या राहत. "हा जास्त आहे." दुसऱ्याला, "हा घरघर करून राहिला. पेशंटला झोप नाही लागायची." तिसऱ्याची जाळी विरळ होती. चौथा चिमट्याचा होता, निळ्या रंगाचा, पुढे बारीक जाळी आणि मान सगळीकडे वळणारी. त्याच्यासमोर त्यांनी हात बराच वेळ धरला.

"हा," त्या म्हणाल्या. "केतकी, तू बघ."

मीही हात धरला. झुळूक म्हणावी एवढाच वारा होता.

"चिमटा पाळण्याच्या दांडीला बसते का बघून घ्या," दुकानदार म्हणाला. "लाकडाची आहे का लोखंडाची?"

"काचेची," मी म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं.

दुकानदार थांबला.

"काचेच्या पेटीत ठेवलं आहे त्यांना," आई शांतपणे म्हणाल्या.

त्याचा चेहरा उतरला. त्याने खोकं नीट बांधलं, दोन्ही हातांनी आईंच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सिस्टर, काही लागलं तर सांगा. होतील बरी."

रिक्षात आम्ही दोघी सरळ समोर बघत बसलो होतो. जटपुरा गेट मागे पडलं तेव्हा आई म्हणाल्या, "यात खोटं काय होतं? काहीच नाही." मग त्यांचे खांदे हलायला लागले. दुपट्ट्याआड त्या हसत होत्या. मीही हसायला लागले. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, पण मी त्यांना हसताना ऐकलेलं नव्हतं. त्या हसताना शिंकल्यासारखा आवाज करत.

पंखा टाकीच्या कडेला चिमट्याने बसला. मी त्याची मान थोडी तिरकी केली, म्हणजे वारा पाण्याला नुसता पुसून जाईल. पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून आईंनी टाकीवर दुधाच्या पातेल्यावरची जाळी ठेवली. झोपायच्या आधी तीस होतं. सकाळी एकोणतीस होतं. मासे दगडापासून लांब यायला लागले होते. पाण्याची रेघही खाली गेली होती. मी तांब्याभर साधं पाणी हळूहळू ओतलं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, एवढं शाळेतलं मला आठवत होतं.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला निरंजनचा फोन आला. फोन आला की स्पीकर लावायचा, ही घरची पद्धत होती. मी स्पीकर लावला. आई स्वयंपाकघरात होत्या.

"चिलर गेला?" तो म्हणाला. "अरे बापरे. मग?"

"पंखा लावला आहे. क्लिपवाला."

"क्लिपवाला नको! परत कर तो." त्याचा आवाज एकदम जागा झाला. माशांवर बोलायचं असलं की तो असा जागा व्हायचा, आणि मलाही बरं वाटायचं. "त्या क्लिपचा स्क्रू लोखंडी असतो. खाऱ्या पाण्याच्या वाफेने महिन्याभरात गंजतो. लाल पाणी ओघळतं काचेवरून. शिवाय त्याचा आवाज, डोक्याजवळ भुंगा असल्यासारखा. तू असं कर, कॉम्प्युटर दुरुस्त करतात ना, त्यांच्याकडे जा. कॉम्प्युटरच्या डब्यात एक छोटा काळा पंखा असतो. तो घे. ॲडॉप्टरवर चालतो. एकदम गप असतो."

"बरं," मी म्हणाले. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बसस्टँडजवळ होता, पण तो पाचला बंद करतो का, याचा मी विचार करत होते.

आई हात पुसत बाहेर आल्या आणि फोनसमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"कोण, निरंजन? बरा आहे ना रे?"

"हो आई. पंख्याचं सांगत होतो हिला."

"सांग, सांग. मलाही सांग. मीच बघून राहिली सगळं." त्या खुर्चीत जरा पुढे सरकल्या. "त्या काळ्या पंख्याने किती उतरते?"

"दोन डिग्री. तिकडे कोरडी हवा आहे, तिकडे चारही उतरेल. दमट हवेत दोनच."

"दोनच. बरं. अन् पाणी किती उडते?"

"बरंच. रोज वरून घालावं लागतं. साधं पाणी, मिठाचं नाही."

"रोज? मोजून घालायचं का?"

"मोजायला कशाला पाहिजे? आपला स्टीलचा तांब्या असतो ना, तो एक भरून. काचेवर खूण करून ठेवायची, तिथपर्यंत."

"तांब्या," आई म्हणाल्या. "सकाळी घालायचं का संध्याकाळी?"

"सकाळी, चहाच्या वेळेला. म्हणजे विसरायला होत नाही."

"अन् पंखा रात्रभर चालू? झोपायच्या खोलीत असली टाकी तर?"

"असू दे ना. काळ्याचा आवाजच नाही. मी आधी क्लिपवाला लावला होता, तेव्हा झोपेचं खोबरं व्हायचं. आता कळतही नाही."

आईंचा आवाज जराही बदलला नव्हता. नव्या पेशंटला कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, जेवण जातं का, हे त्या ज्या आवाजात विचारत असतील तोच आवाज होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या फोनकडे बघत होत्या.

"हे बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण पाणी रोजच घालावं लागते म्हणतो, तर मग तू कामावर गेला की कोण घालते?"

"ती घाल—"

तो थांबला.

आधी मला वाटलं, ती म्हणजे बोट. बोटीबद्दल बोलताना तो नेहमी 'ती' म्हणायचा. ती हळू चालते, ती जुनी झाली आहे. मग बोट पाणी कसं घालेल, असा प्रश्न मला पडला, आणि त्या प्रश्नाबरोबर बाकीचं सगळं एकामागून एक येऊन समोर उभं राहिलं. दमट हवा. खूण केलेली काच. चहाची वेळ. झोपायची खोली.

आई वाट बघत होत्या. पलीकडे कुणीतरी नळ बंद केला. फोनमधून ते स्पष्ट ऐकू आलं.

"हॅलो," निरंजन म्हणाला. "आई, आवाज तुटतोय. इथे समुद्र खवळला आहे."

"खवळू दे," आई म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता. खरोखर भुंग्यासारखाच होता. आई उठल्या, थर्मामीटर काढून बघितला आणि परत पाण्यात सोडला.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "उतरून राहिलं."

मी खाली फरशीवर बसले होते.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तांब्याला." त्या टाकीची काच पुसायला लागल्या. काच स्वच्छच होती. "पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा मी तांब्या दिला होता त्याला. प्यायला लागते, चांगल्या जाडीचा होता. तर मला हसला. म्हणाला, आई, बोटीवर तांब्या घेऊन कोण जाते? इथेच ठेवून गेला." त्यांनी फडकं उलटं केलं. "पण मी पहिल्यापासूनच विचारून राहिली होती. भुंग्यासारखा आवाज म्हणाला ना, तेव्हाच मनात आलं. जहाजावर कुणी मासे पाळते का? खाली एवढे मासे असताना?"

मला हसू येईल असं वाटलं, पण रडू आलं. आई जवळ आल्या नाहीत. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही, काही समजावलं नाही. त्या आत गेल्या, ग्लासात पाणी आणि साखर-मीठ कालवून आणलं, माझ्या हातात दिलं आणि मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

"मी आई आहे त्याची," ग्लास परत घेताना त्या म्हणाल्या. "मी त्याला टाकणार नाही. हे तुला आत्ताच सांगून ठेवते. नंतर म्हणशील, आई माझ्या बाजूने होत्या."

"मग तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, कारण बराच वेळ लागला.

"नागपूरची ती नोकरी आहे का अजून?"

"तुम्ही म्हणाला होता, तो आल्यावर ठरवू."

"तो आलाच आहे ना," आई म्हणाल्या. "कधीचाच आलेला आहे. इथे नाही आला एवढंच."

त्यांचे डोळे कोरडे होते, पण हातातला ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"फोन लाव त्यांना. ऑफिस सुटायच्या आत लाव."

मी फोन लावला. ती जागा गेली होती. पलीकडची बाई म्हणाली, दुसऱ्या विभागात एक निघणार आहे, सोमवारी येऊन भेटा. मी होय म्हणाले. आई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या, आणि मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "सोमवारी सकाळच्या गाडीने जा. दुपारी नको, ऊन लागते."

मग मी विचारलं, "हा पंखा परत करायचा का? गंजतो म्हणाला."

"गंजू दे. गंजला तर दुसरा आणू. पंखा त्याला विचारून थोडाच आणला आपण?"

त्या संध्याकाळी पाण्याची रेघ परत खाली गेली होती. मी तांब्या भरून आणला आणि पाणी घालायला लागले. कुठेतरी एक बाई रोज सकाळी चहा ठेवून हेच करत होती. तिला माझ्याबद्दल माहीत असेल की नसेल, ते मला माहीत नव्हतं. तिचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच. तिला हे कुणी शिकवलं असेल ते मला ठाऊक होतं, आणि त्याने तिला आणखी काय शिकवलं असेल, त्याचाही अंदाज होता. मी पाणी धारेने न ओतता काचेवरून हळूच सोडलं. मासे जागचे हलले नाहीत.

निरंजन जुलैत आला. बोट त्याने वर्षभरापूर्वीच सोडली होती आणि कोचीला जहाजं दुरुस्त करायच्या एका यार्डात नोकरी धरली होती. 'ती' म्हणजे शीबा, तिथेच हिशेबाच्या खात्यात होती. सांगू सांगू म्हणता राहून गेलं, असं तो म्हणाला. जणू सिलिंडरचा नंबर लावायचा राहून गेला होता. आईंनी त्याला जेवायला वाढलं. वरण, भात, दोडक्याची भाजी. तो जेवून उठल्यावर त्यांनी त्याच्या कानाखाली मारली. एकच. मग त्याचं ताट उचलून धुवायला नेलं. मी तोवर नागपूरला नोकरीला लागले होते आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर आले होते. बोलायचं ठरवून आले होते ते सगळं त्या एका आवाजाने संपवून टाकलं. मी त्याला एवढंच विचारलं, कागदांवर सह्या कधी करायच्या.

कोर्टात आई आल्या होत्या. मधल्या बाकावर बसल्या. दुपारी डबा उघडला, पोळीभाजीचे दोन भाग केले आणि एक त्याला दिला, एक मला दिला. वकिलाला ते विचित्र वाटलं. स्वतः त्यांनी काही खाल्लं नाही.

मासे त्यांच्याकडेच राहिले. मला वाटलं होतं त्या कुणाला तरी देऊन टाकतील, कारण मी गेल्यावर त्या घरात टाकी हवी असणारं कुणीच नव्हतं. पण दर रविवारी फोनवर त्या आधी टाकीचा आकडा सांगायच्या आणि मग माझी तब्येत विचारायच्या. चिलर दुरुस्त झाला नाही. नागपूरचा तो माणूस अजूनही पुढच्या आठवड्यात येणार असेल. मीही महिन्यातून एकदा चंद्रपूरला जायला लागले. सून नव्हते, मुलगी नव्हते. गल्लीत कुणी विचारलं तर आई म्हणायच्या, "केतकी आली आहे," आणि विचारणाऱ्याला पुढे विचारायचा धीर होत नसे.

दोन वर्षांनी एका शुक्रवारी त्यांचा फोन आला, रविवार नसताना.

"ते येऊन राहिले उद्या. पोरीला दाखवायला. सहा महिन्यांची झाली." मग म्हणाल्या, "रविवारी सकाळची गाडी आहे त्यांची. तू दुपारी ये."

मी जाणार नव्हते. शनिवारी दिवसभर जाणार नव्हते. रविवारी उठून गेले.

घरात खोबरेल तेलाचा आणि बाळाच्या पावडरीचा वास होता. धुवून वाळत घातलेलं एक एवढंसं झबलं दोरीवर राहून गेलं होतं. आईंनी ते काढलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. आम्ही जेवायला बसलो. त्या दमलेल्या दिसत होत्या. दोन दिवसांत बऱ्याच वेळा उठबस झाली असणार. मी बराच वेळ भात कालवत राहिले.

"नाव काय ठेवलं?" शेवटी मी विचारलं.

"नीला."

"कुणावर गेली आहे?"

आईंनी वरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

"तिच्या आईवर," त्या म्हणाल्या. "बरं झालं."